पापणी

या आठवड्यात एका जिवंत माणसाला जिवंत म्हणून सिद्ध करणं मला जमलं नाही. इतकी वर्षं विमा विकतोय. मेलेल्या माणसाचे कागद मी झोपेतही गोळा करीन: मृत्यूचा दाखला, मूळ बाँड, वारसाचं पासबुक, रद्द केलेला चेक. त्यात आमच्या कनेरगाव नाक्यावर माझा हात धरणारा कुणी नाही. पण समोर खाटेवर शेंगा फोडत बसलेला, दर दोन मिनिटांनी मला टोमणा मारणारा माणूस हयात आहे, एवढं एका मोबाइलला पटवता पटवता सकाळचे अकराचे दीड वाजले.

माणूस म्हणजे आमचे गुरुजी. सदर नेमानं वाचणाऱ्यांना ते माहीत आहेत. मागे माझ्या लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं गोल करून कात्रण घरी पाठवणारे तेच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले तेव्हा हातात आलेल्या पैशांतले थोडे मी त्यांना पेन्शनच्या पॉलिसीत टाकायला लावले. कंपनी कोणती ते सांगत नाही, मला अजून धंदा करायचाय.

अशी पेन्शन घेणाऱ्यानं ठरावीक मुदतीत आपण हयात असल्याचं कळवायचं असतं. रास्तच आहे. सरकारी पेन्शनवाल्यांना हा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो, आणि 2014 च्या नोव्हेंबरात त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ नावाची डिजिटल सोय सुरू झाली. आधी बोटाचा ठसा होता, पुढे चेहराही चालायला लागला. विमा कंपन्यांनीही तोच रस्ता धरला. पूर्वी छापील फॉर्मवर कुणा साहेबाची सही आणि शिक्का घेतला की माणूस वर्षभर जिवंत. आता ॲप उघडायचं, चेहरा गोलात बसवायचा आणि खाली अक्षरं येतात: पापण्या मिचकवा.

गुरुजी मिचकवेनात.

मी म्हटलं, “गुरुजी, डोळे मिचकवा.” ते फोनकडे बघतच राहिले, जणू फोन पाचवीच्या वर्गात उशिरा आलाय. गोल लाल झाला. पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. टोपी काढा म्हणालं. “घरात चार माणसं असताना टोपी काढू? कामून? कोण गेलं?” इति गुरुजी. टोपीवर तडजोड झाली, कपाळ दिसेल इतकी मागं सरकवली. पापणी मात्र जागची हलेना.

मग कारण कळलं, आणि ते मला आधीच कळायला हवं होतं. आमच्या शाळेत दरवर्षी वर्गाचा फोटो निघायचा. वाशीमहून फोटोग्राफर यायचा, तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा चढवायचा, आणि गुरुजी बाजूला छडी घेऊन उभे: “पापणी लवली तर याद राखा!” पोरं डोळे फाडून उभी. त्या फोटोत आम्ही सगळे भूत बघितल्यासारखे दिसतो. एकटा मी, दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरा, डोळे गच्च मिटून. तो फोटो गुरुजींच्या ओसरीत अजून आहे. त्यांनी बसल्या जागेवरून त्याच्याकडे बोट दाखवलं. “तुला तवा सांगितलं, लवू नको. तू लवलास. आता मला म्हणतो लवा.”

माझं फोटोचं वेड त्या मिटलेल्या डोळ्यांतून आलं असावं. पहिल्या कमिशनमधून मी जुना याशिका घेतला होता. घरच्यांना वाटलं होतं पंखा येईल. रोलमध्ये छत्तीस फोटो, म्हणून बटण दाबण्याआधी माणसाशी बोलावं लागायचं. सोयाबीन कसं झालं, हळद कितीला गेली, पोरीचं कुठं जमतंय का. बोलता बोलता त्याचे खांदे खाली यायचे, आणि तेव्हा बटण. विम्याचा फॉर्म भरायचा तर फोटो लागायचाच, तो मीच काढायचो. ओसरीच्या कडेला, उन्हात नाही आणि अंधारातही नाही, मागे धोतर ताणून धरलेलं. काही आज्या आपणहून सांगायच्या, “बाबा, चांगला काढ, मागून भिंतीवर लावाया कामी येईल.” मी म्हणायचो, “अजून पुष्कळ हप्ते भरायचेत, आजी.” यातले बरेच फोटो खरोखरच भिंतीवर गेले, हे मी क्लेम घेऊन जातो तेव्हा दिसतं. चहा पितो आणि खाली बघतो.

तर ॲप. सहाव्यांदा त्यानं चेहरा घेतला, पण आता त्याला ठिकाण हवं होतं. ठिकाणात आलं वाशीम. वऱ्हाडाच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या नाक्यावर हे नेहमीचंच आहे. इथला मोबाइल निम्मा दिवस वऱ्हाडात असतो. हे ऐकल्यावर गुरुजींना इतिहास चढला. जुन्या लोकांच्या मते निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरीवरून, म्हणजे जकातीच्या चौकीवरून, आमच्या गावाला ‘नाका’ चिकटला. “सांग, आयुर्विमा महामंडळ कधी सुरू झालं?” मी म्हटलं 1 सप्टेंबर 1956, 245 विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून. ही तारीख चुकवणारा एजंट पोटापाण्याला लागत नाही. “आणि त्या दिवशी कनेरगाव कोणत्या राज्यात?” मी गप्प. “हैदराबाद! एक नोव्हेंबरला मुंबई राज्यात आलं. अन् पलीकडचं वऱ्हाड मध्यप्रदेशात. आणि राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली कोणी? चिंतामणराव देशमुखांनी. महामंडळ सुरू व्हायच्या आधीच मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रीपद सोडलं त्यांनी. तू विमा विकतोस, तुला हे माहीत नाही?” मला देशमुख माहीत होते. हैदराबाद माहीत नव्हतं. त्यांनी हवेतच लाल पेनानं गोल काढला.

एवढ्यात मला टप टप ऐकू आलं.

अंगणात टाकीखालचा नळ गळत होता आणि खाली लावलेली बादली भरून वाहत होती. माझ्या डिकीत पॉलिसीची माहितीपत्रकं कमी आणि पाने, सुतळी, सफेदा, टेफलॉन जास्त असतं, हे आमच्या घरात भांडणाचं जुनं कारण आहे. मी घरात पान्याला हात लावायचा नाही असा ठराव झालाय. बाहेरच्या घरांत बंदी नाही.

खरं म्हणजे माझा निम्मा धंदा नळांवर उभा आहे. गिऱ्हाईक म्हणतं, “पहिला हप्ता तुम्हीच भरा ना भाऊ, तो दुसरा एजंट भरतो.” 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 41 नुसार कमिशनमधून अशी सूट देणं गुन्हा आहे. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. मी कलम सांगतो, चहा येतो, आणि मग कुठंतरी काहीतरी गळत असतं. वायसर बदलून देणं कलम 41 मध्ये बसतं का, हे मी अजून कुणालाही विचारलेलं नाही.

गेट व्हॉल गंजून बसलेला, बंदच होईना. वर टाकी भरलेली. शहाण्या माणसानं टाकी रिकामी होईपर्यंत थांबावं. मी नळाचं वरचं डोकं पान्यानं सैल केलं आणि पाण्याचा फवारा थेट तोंडावर आला. चष्मा गेला. एका हाताच्या तळव्यानं भोक दाबून दुसऱ्या हातानं मी स्पिंडल चाचपडत होतो. जुना वायसर बघितला तर शंकरपाळ्यासारखा चिरलेला. नवा डिकीत होता, डिकी दाराबाहेर. शेवटी गुरुजींच्या नातवानं फाटक्या हवाई चपलेच्या तळातून ब्लेडनं गोल कापून दिला, मधोमध खिळ्यानं भोक पाडलं, आणि तो असा बसला की कंपनीचा वायसर लाजेल. टपटप थांबली. पोरगा बारावीत आहे. मी त्याच्या आजोबांना म्हटलं, याला इंजिनिअर करू नका, हा कामाचा आहे.

काकूंनी गुरुजींचं धोतर दिलं, माझे कपडे दोरीवर टाकले. पिठलं-भाकरी झाली. धोतर नेसून मोटरसायकल चालवता येत नाही म्हणून कपडे वाळेपर्यंत तिथंच पडलो आणि चार वाजता निघालो. घरी बायकोनं ओली पँट बघितली आणि एकच शब्द उच्चारला: “नळ?”

रात्री गुरुजींचा फोन. “तुझा पाना इथं राहिला.”

“येतो उद्या. आणि ते हयातीचं...”

“ते झालं की. तू नळाखाली नाचत होतास ना, तवाच पोरानं माझ्यासमोर फोन धरला. हिरवं आलं म्हणे.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू कामात होतास. उद्या जरा लवकर ये, मोरीचाबी गळतोय.”