मांजऱ्या खडकातले धन

प्रवरेच्या काठी वसलेल्या अकोल्याच्या परिसरात विहिरीचे काम निघाले, की मुरूम संपताच काळा पाषाण लागतो. खोदकाम करणाऱ्यांना या पाषाणाचे प्रकार तोंडपाठ असतात. ज्या थरात पांढरे, गुलाबी, हिरवट ठिपके दाटलेले दिसतात, त्याला ते मांजऱ्या खडक म्हणतात. सुरुंगाने फुटलेल्या या खडकाचा ढीग विहिरीच्या कडेला पडतो. एखाद्या ढेकळाच्या पोकळीत उन्हाने काहीतरी लखलखते. मुले ते गारगोटी म्हणून उचलतात आणि बाकीचा ढीग रस्त्याच्या भरावात किंवा खडीच्या यंत्रात जातो. जगभरातील स्फटिकसंग्राहक ज्या दख्खनी खनिजांसाठी दूरदेशीच्या प्रदर्शनांत गर्दी करतात, ती याच जातीच्या खडकातून निघतात.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी पश्चिम भारतात भूगर्भातून लाव्हारसाचे लोटावर लोट आले. त्यांच्या थिजलेल्या थरांनी आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही याच थरांची दृश्य रूपे होत. लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे जागच्या जागी अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ उष्ण पाणी या पोकळ्यांतून झिरपत राहिले. पाण्याने खडकातील सिलिका, चुना, ॲल्युमिनियम विरघळवून आणले आणि पोकळीच्या भिंतींवर कणाकणाने बसवले. बहुधा आधी भिंतीला हिरवट मातीचे किंवा गारेचे पातळ अस्तर लागते, त्यावर स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट येते आणि त्यानंतर ॲपोफिलाइटचे पारदर्शक स्फटिक उभे राहतात. पोकळीत मोकळी जागा असल्यामुळेच प्रत्येक स्फटिकाला आपली मूळ आकृती धारण करता येते.

या खनिजांची नावे मोठी अर्थपूर्ण आहेत. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉन्स्टेट या खनिजतज्ज्ञाने असा एक दगड ज्योतीवर धरला, तेव्हा त्यातील पाणी वाफ होऊन तो खदखदू लागला. त्यावरून त्याने या कुळाला ग्रीक शब्दांच्या आधारे ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे झिओलाइट हे नाव दिले. स्कोलेसाइट तापवले असता किड्यासारखे वळते, म्हणून त्याचे नाव किड्यावरून पडले. ॲपोफिलाइट झिओलाइटच्या कुळातले नसले तरी त्याच्याच शेजारी सापडते. तापवल्यास त्याचे पापुद्रे पानांसारखे सुटतात आणि त्याच्या नावाचा अर्थही तोच आहे. स्टिल्बाइटचे स्फटिक मध्यभागी आवळलेल्या पेंढीसारखे दिसतात. ओकेनाइट तर पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यासारखे असते आणि बोट लागताच त्याचे तंतू कायमचे दबतात.

दख्खनच्या या धनाची कीर्ती रेल्वेबरोबर पसरली. १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गासाठी डोंगर कापला गेला, तेव्हा तेथील पोकळ्यांतून निघालेले स्फटिक युरोपातील संग्रहालयांपर्यंत पोहोचले. पुढे पुण्याच्या पाषाण भागातील हिरवे ॲपोफिलाइट, मुंबईच्या उपनगरांतील दगडखाणींचे ओकेनाइट, नाशिकचे स्कोलेसाइट आणि जळगावकडील खाणींचे स्टिल्बाइट ख्यातनाम झाले. कॅव्हनसाइट हे गडद निळे खनिज प्रथम १९६७ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आढळले. त्याचे सर्वोत्तम नमुने मात्र पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीने दिले. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी तालुक्याच्या मोमीन आखाड्याचे नावही परदेशी संग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर आढळते. अमेरिकेतील ‘मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’ या नियतकालिकाने २००३ मध्ये दख्खनच्या खनिजांना विशेष स्थान दिले. ॲरिझोनातील टूसॉन येथे १९५५ पासून भरणाऱ्या प्रदर्शनात भारतीय स्फटिक आता नित्याचे झाले आहेत. आपल्याकडे हे वैभव एकत्र पाहायचे असेल, तर अकोल्याहून फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांनी २००१ मध्ये उभारलेले ‘गारगोटी’ संग्रहालय आहे.

व्यापारी कुटुंबातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला हा छंद जडला, तर घरातील वडीलधाऱ्यांनी प्रथम एक गोष्ट शिकवावी. नमुन्याइतकेच मोल त्याच्या नोंदीला आहे. पावती नसलेली रक्कम जशी चोपडीत शोभत नाही, तसा ठिकाण न नोंदलेला स्फटिक अभ्यासकाच्या उपयोगी पडत नाही. तो कोणत्या गावचा, कोणत्या शिवारातला, विहिरीतून किती खोलीवर निघाला, सोबत कोणती खनिजे होती, यावरून त्या खडकाचा इतिहास उलगडतो. जुन्या संग्रहांतील कित्येक चिठ्ठ्यांवर नुसते ‘पूना’ एवढेच लिहिलेले आढळते, आणि त्या नमुन्यांची खरी जन्मभूमी आता कोणी सांगू शकत नाही. पुढे तर चांगल्या पोकळीचा पत्ता प्रतिस्पर्ध्याला लागू नये म्हणून, किंवा प्रसिद्ध गावाच्या नावाने दाम अधिक मिळतो म्हणून, चिठ्ठीवर भलतेच नाव घालण्याची रीतही बाजारात शिरली. अकोल्याच्या विहिरीतील स्टिल्बाइटवर दुसऱ्या गावाचे नाव लिहून ते विकले गेले, तर नमुना तोच राहतो, फरक फक्त शाईचा असतो, तरीही विकणाऱ्याच्या पदरी असत्य पडते आणि अकोल्याच्या मातीविषयीचे ज्ञान कायमचे बुडते. पेढीवर वजनमाप चोख ठेवणाऱ्या घराने हा चोखपणा चिठ्ठीपर्यंत न्यायला हवा.

खरेदीतही सावधपणा हवा. ओकेनाइटचे पांढरे गोळे निळ्या-गुलाबी रंगात बुडवून विकले जातात. तुटलेला स्फटिक डिंकाने चिकटवून अखंड म्हणून पुढे केला जातो. भिंगाखाली सांध्याशी चकाकणारा पदार्थ किंवा तंतूंच्या मुळाशी साचलेला रंग दिसला, की उमगते. नमुना घरी आल्यावर ॲपोफिलाइट उष्णतेपासून दूर ठेवावे, जांभळी गार उन्हात ठेवू नये, कारण तिचा रंग उडतो, आणि झिओलाइट कधीही आम्लात धुऊ नये.

याहून गंभीर प्रश्न नमुना मिळवण्याचा आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत फोडीकम्मे, म्हणजे भूमी फोडण्याचा व्यवसाय, गणला आहे. खाणीतील पाषाणाकडे पृथ्वीकाय जीवांचे शरीर म्हणून पाहण्याची शिकवण घराघरांत दिली जाते. पाण्यासाठी खोदलेल्या विहिरीच्या ढिगातून, यंत्रात भरडला जाणार असलेला दगड उचलणे आणि केवळ स्फटिकासाठी टेकडीला सुरुंग लावणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. परंतु मागणी वाढली, भाव चढले, की पहिल्या गोष्टीचे रूपांतर दुसरीत होण्यास वेळ लागत नाही. घेणाऱ्याने ‘मी तर फक्त विकत घेतले’ असे म्हणून हात झटकणे पुरेसे नाही. नमुना कसा निघाला हे विचारणे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर तो परत ठेवणे, हेच त्याच्या हाती असते. अकोले तालुक्यात कायद्याचीही मर्यादा आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले आहे. तेथील दगड उचलून आणणे हा छंद होऊ शकत नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरांत स्फटिक शोधणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, पण तेथेही अनेक ठिकाणी परवाना घेतल्याशिवाय छिन्नी लावता येत नाही.

परिग्रहाला परिमाण घालण्याचे व्रत ज्या घरांत घेतले जाते, तेथे स्फटिकांनाही संख्या ठरवून द्यावी. पन्नास नमुने ठरले, तर एक्कावन्नावा आणताना एक बाहेर गेला पाहिजे. तो विकण्याऐवजी गावच्या शाळेला किंवा महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला द्यावा. अशा शिस्तीने संग्रह लहान राहतो, पण निवड सुधारते, आणि ज्या मुलांच्या शेतात हा खडक निघाला त्यांनाही तो समजून घेता येतो.

या छंदाची सुरुवात एका वहीने व्हावी. प्रत्येक नमुन्याच्या तळाला पांढऱ्या रंगाचा लहानसा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहावा, आणि वहीत त्याच क्रमांकापुढे खनिजाचे नाव, गाव, तालुका, विहीर की खाण, मिळाल्याचा दिवस, कोणाकडून मिळाला आणि किती दाम दिला, हे सारे लिहावे. जे माहीत नाही तो रकाना कोरा ठेवावा. अंदाजाने भरू नये. दिवाळीला चोपडीपूजन होते तेव्हा ही वहीही चोपड्यांशेजारी ठेवावी आणि वर्षभराच्या नोंदी वडीलधाऱ्यांनी एकदा वाचून पाहाव्यात.