मिजाज आणि मिजास

जुळे सोलापुरात इफ्तारला आलेल्या मराठी शेजाऱ्याला ‘मिजाज कैसे हैं?’ विचारले, तर तो दचकेल. उर्दूत मिजाज म्हणजे प्रकृती, स्वभाव; मराठीत मिजास म्हणजे तोरा. ‘दिमाग’ मेंदू, पण ‘दिमाख’ थाट. अरबी ‘तमअ’ म्हणजे लोभ, मराठी ‘तमा’ म्हणजे पर्वा. असे शब्द बिघडलेले म्हणून हसणारे उर्दूत आहेत, परके म्हणून हाकलणारे मराठीत. दोघेही चुकतात. माधव ज्यूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश उगीच नाही केला.

‘सब्र’ची सबुरी मात्र अर्थ सांभाळून राहिली, शिर्डीच्या साईबाबांमुळे ती घरोघरी पोहोचली. कुणी भांडायला आले तर रोजा असल्याचे सांगून जीभ आवरावी, ही पैगंबरांची शिकवण. शेजाऱ्याला रोजा समजावताना उपाशीपोटाचे तास मोजण्यापेक्षा सबुरी म्हणावे. त्याला ती आधीच ठाऊक आहे.