‘पाठविले’ म्हणजे पोहोचले काय?

कोअर बँकिंग प्रणाली आज असंख्य खात्यांची विवरणपत्रे, व्याजाचे दाखले व सूचनापत्रे अल्पावधीत तयार करते. ती योग्य हाती सुपूर्द करणे मात्र अजूनही अवघडच आहे. ई-मेलने पीडीएफ रवाना झाली की प्रणालीत ‘पाठविले’ अशी नोंद उमटते (आणि आम्ही अधिकारीही निश्चिंत होतो!). परंतु खातेदाराचे निधन झाल्यास ती सारी विवरणे त्याच्याच मेलमध्ये, त्याच्याच पासवर्डाआड राहतात. घरच्यांना मुदत ठेवीची अनेकदा कल्पनाही नसते.

१८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्यात २००० साली दुरुस्ती होऊन संगणकीय मुद्रितप्रतीस, विहित प्रमाणपत्रासह, पुराव्याचे स्थान मिळाले. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार व्यवहारांच्या नोंदी बँकेने किमान ५ वर्षे जपावयाच्या असतात. गृहकर्ज तर २०-२० वर्षे चालते. म्हणूनच कागद वाचविण्याच्या उत्साहात, मागेल त्यास छापील विवरण देण्याची प्रथा बँकांनी मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपणही मार्चअखेरचे विवरण छापून पासबुकाशेजारी ठेवावे आणि ती जागा घरातील एकास तरी सांगून ठेवावी.