चटणी, नफका आणि हक्कसोड

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या आठवड्यात कुणीतरी 'चटनी' पुन्हा फिरवली. 2016 ची हिंदी शॉर्ट फिल्म. दिग्दर्शन ज्योती कपूर दास यांचं. टिस्का चोप्रा, रसिका दुगल आणि आदिल हुसेन. वीस मिनिटांच्या आत संपते. युट्यूबवर कोट्यवधी लोकांनी पाहिली आहे, तिला फिल्मफेअरही मिळालं. म्हणजे बातमी जुनी आहे. नवी होती ती तिच्यासोबत आलेली ओळ : "घर टिकवणारी बाई अशी असते. शिका काहीतरी." खाली अकरा अंगठे. अकराही पुरुषांचे, त्यातले निम्मे आखाती देशांत बसलेले.

हा लेख त्या अकरा अंगठ्यांसाठी आहे.

ज्यांनी फिल्म पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाझियाबादचं एक खातंपितं घर. वनिता नावाची गृहिणी. दात पुढे, केसांना तेल, बोलणं साधंभोळं. टिस्का चोप्रासारख्या देखण्या नटीने मुद्दाम स्वतःला असं करून घेतलं आहे. एका पार्टीत तिला दिसतं की एक तरुण, शहरी वळणाची बाई आपल्या नवऱ्याशी लगट करते आहे. वनिता आरडाओरड करत नाही. ती त्या बाईला घरी बोलावते, भजी आणि हिरवी चटणी पुढ्यात ठेवते आणि गप्पांच्या ओघात एक जुनी गोष्ट सांगते. गोष्टीत घरात राहणारा दीर आहे, भोला नावाचा घरगडी आहे, त्याची बायको आहे. एक भानगड आहे, मग खून आहे, आणि घरामागची बाग आहे, जिथलं हिरवं चटणीत येतं. पाहुणीचा घास घशात अडकतो. वनिता तितक्याच प्रेमाने आणखी घ्या म्हणते.

हसू येतं. मलाही आलं. पण हसून झाल्यावर मी मोजायला बसले की या बाईच्या हातात नक्की काय होतं. एक ताटली, एक वाटी आणि एक गोष्ट. बस. नवऱ्याला ती विचारू शकत नाही, कारण विचारल्यावर तो 'मग निघ' म्हणाला तर निघायचं कुठे हा प्रश्न उरतो. म्हणून ती सगळा दम दुसऱ्या बाईला भरते. नवरा शेवटपर्यंत तसाच राहतो. त्याला जेवण वेळेवर, चटणी ताजी. ज्याने काडी लावली त्याच्या अंगाला धगही लागत नाही. आणि आमचे अकरा जण म्हणतात, शिका काहीतरी. काय शिकायचं? नवऱ्याला सोडून इतर सगळ्यांना कसं घाबरवायचं, हे?

फिल्मला मी दोष देत नाही. फिल्मने हे नेमकं दाखवलं आहे, दोष बघणाऱ्यांच्या डोळ्यांत आहे. बेरकीपणा हे ताकदवान माणसाचं लक्षण नसतं. ज्याच्याकडे सरळ मागायची सोय नसते तो बेरकी होतो. आपल्या गावच्या खाला, फुफी, मामी आठवा. नवऱ्याच्या खिशातून सुटे पैसे काढून तांदळाच्या डब्यात ठेवणाऱ्या, 'यांना सांगू नको हं' म्हणत भाचीच्या हातात पन्नासची नोट कोंबणाऱ्या. त्यांच्या हुशारीचे किस्से आपण लग्नघरात रंगवून सांगतो. स्वतःच्याच घरात बाईला चोरून का जगावं लागतं, हे कुणी विचारत नाही.

आता इथे आमचा एखादा भाऊ उठून म्हणेल की हे गैरमुस्लिम घरातलं चित्र आहे, इस्लामने तर चौदाशे वर्षांपूर्वी बाईला सगळे हक्क दिले. इज्तेमात, जुम्याच्या बयानात, निकाहाच्या मजलिसीत हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचं वाक्य मला आधीच माहीत असतं : नफका नवऱ्यावर, म्हणून आमची बाई घरची राणी. ठीक. नफक्यापासूनच सुरुवात करू.

नफका म्हणजे बायकोचं अन्न, वस्त्र, निवारा. तो नवऱ्यावर बंधनकारक आहे, बायको श्रीमंत असली तरीही. हे अर्धं वाक्य मिंबरवरून सांगितलं जातं. उरलेलं अर्धं किताबातच राहतं. शाफई आणि हंबली फिकहच्या प्रस्थापित मतानुसार स्वयंपाक, झाडलोट, धुणं हे निकाहाच्या करारातून बायकोवर येतच नाही. हनफी म्हणतात की ते तिचं दीनी, नैतिक कर्तव्य आहे, पण काझी तिच्यावर त्याची सक्ती करू शकत नाही. आणि आम्ही कोकणातले मुसलमान कोण? शाफई. नमाजीत हात कुठे बांधायचे यावर आमच्या मशिदीत तासभर वाद होतो. आमिन मोठ्याने म्हणायचं की मनात, यावर पाहुण्या हनफीला समजावून सांगितलं जातं. पण भाकरी थापणं बायकोवर फर्ज नाही, हा शाफई मसला मी आजवर एकाही बयानात ऐकलेला नाही. कुरआनच्या सूरह तलाकमध्ये तलाक दिलेल्या बाईने तुमच्या मुलाला दूध पाजलं तर तिला त्याचा मोबदला द्या असं स्पष्ट सांगितलं आहे. आईच्या दुधालाही किंमत मोजणारा हा दीन. आणि आम्ही तीस वर्षांच्या चुलीची किंमत 'जन्नत मिळेल' अशी लावून मोकळे होतो. हजरत आयशांना विचारलं गेलं होतं की रसूल घरात काय करत. त्यांचं उत्तर बुखारीत आहे : घरच्यांच्या कामात असत. दाढी सुन्नत, मिस्वाक सुन्नत. ही सुन्नत कुठे गेली?

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा बिनपगारी घरकामाचा वेळ दिवसाला सरासरी 289 मिनिटं निघाला. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा 88. हे सगळ्या भारताचे आकडे आहेत, सगळ्या धर्मांचे. म्हणजे या एका बाबतीत तरी आपण मुख्य प्रवाहात आहोत, अभिनंदन.

नीरज घेवानची 'ज्यूस' (2017) याच जातीची फिल्म, पण तिथे खून नाही. उकाड्याचे दिवस, दिवाणखान्यात कूलरसमोर पुरुषांच्या गप्पा आणि दारू, आत स्वयंपाकघरात घामाने निथळणाऱ्या बायका. शेवटी शेफाली शाह ज्यूसचा ग्लास घेऊन बाहेर येते, खुर्ची ओढते आणि कूलरसमोर बसते. एवढंच. बघणाऱ्याला वाटतं क्रांती झाली. कूलरसमोर बसणं ही क्रांती वाटावी, यातच काय ते आलं. मला त्यातला दुसरा प्रसंग जास्त लागला. मोलकरणीला चहा कपातून नाही, स्टीलच्या पेल्यातून दिला जातो, आणि सगळ्यांच्या नजरा खाली जातात. 'चटनी'तही भोला आणि त्याच्या बायकोची गोष्ट मालकीणच सांगते, तीही भज्यांसोबत तोंडी लावायला. जी बाई स्वतः परावलंबी आहे तिच्याही खाली कुणीतरी असतं. आमच्या घरांत ईदच्या दिवशी भांडी घासायला येणाऱ्या बाईला बिर्याणीचा डबा जातो, दस्तरखानावर जागा मिळत नाही. मसावातवर, बरोबरीवर, आमचं बयान मात्र पाठ आहे.

एक आक्षेप मला प्रामाणिक वाटतो, तो टाळणार नाही. आखातात राबणारा नवरा काही कूलरसमोर बसलेला नाही. एका खोलीत सहा-आठ जण, उन्हात काम, दोन वर्षांनी एकदा गाव, मुलाचं बोलणं फोनवर ऐकलेलं. तोही अवलंबून आहे. कफीलवर, कंपनीवर, आणि घरी आईबापाला सांभाळणाऱ्या बायकोवर तर पूर्णच. खरं आहे. पण या दोन अवलंबनांचे हिशेब वेगळे लिहिले जातात. त्याच्या कष्टातून जे घर उभं राहतं ते त्याच्या नाहीतर त्याच्या आईच्या नावावर चढतं. तिच्या कष्टातून कुणाच्याच नावावर काही चढत नाही. पैसे येतात ते दिराच्या खात्यावर, आणि बाजाराला जाताना तिला दिराकडे हात पसरावा लागतो. तो परदेशात मेहनत करतो म्हणून त्याची कदर होते, व्हायलाच हवी. तिची मेहनत 'घरीच तर असते' या तीन शब्दांत संपते.

10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तलाकशुदा मुस्लिम बाईलाही फौजदारी संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मागता येते असं पुन्हा स्पष्ट केलं. आमच्याकडे लगेच दोन तट पडले. एकाला शरियत धोक्यात दिसली, दुसऱ्याला मुसलमानांना झोडायची संधी. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी त्याच निकालात लिहिलेल्या स्वतंत्र मताकडे दोघांनीही पाहिलं नाही. त्यांनी भारतीय नवऱ्यांना, सगळ्या नवऱ्यांना, सांगितलं की कमाई नसलेल्या बायकोला पैशाचा आधार द्या, संयुक्त खातं काढा, एटीएम कार्ड तिच्या हातात द्या. तलाकनंतर काय यावर आपण शाहबानोपासून, 1985 पासून भांडतो आहोत. तलाक न झालेल्या लाखो बायकांच्या हातात काय आहे, यावर भांडायला कुणी तयार नाही, कारण तिथे सरकारही दोषी नाही आणि कोर्टही नाही. तिथे फक्त आपण आहोत.

आणि आता मूळ दुखण्याकडे येते. वनिता नवऱ्याचं घर सोडू शकत नाही, कारण मागे परतायला काही नाही. आमच्या बाईचं माहेर कुणी काढून घेतलं? सूरह निसाने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे, भावाच्या निम्मा. कमी आहे म्हणणाऱ्यांशी वाद नंतर घालू. आधी तो निम्मा तरी कुठे आहे ते दाखवा. बाप गेला की चाळिसावा आटोपेपर्यंत भाऊ थांबतो. मग बहिणीला प्रेमाने बोलावणं येतं. कोंबडी-वडे होतात. जेवणानंतर रिक्षा दुय्यम निबंधकाच्या कचेरीकडे वळते आणि हक्कसोड पत्रावर अंगठा नाहीतर सही होते. बदल्यात एक साडी आणि 'माहेर तुटायचं नाही' हा शब्द. कुणी फार शिकलेला असेल तर सांगतो की 1937 च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, बहिणीचा तिथे हक्कच नाही. बाबा रे, हक्कच नव्हता तर सोडून कशाचा घेतलास?

नफका, मेहर आणि विरासत या तीन गोष्टी एकमेकींना धरून होत्या. नवरा फिरला तर मेहर हातात, मेहर संपला तर बापाचा वाटा पाठीशी. आम्ही मेहर उधारीवर टाकला, वाटा हक्कसोडीत गिळला, आणि नफका तेवढा शिल्लक ठेवला, तोही मालकी सांगायला. 'मी खायला घालतो' हे वाक्य त्यातून येतं. हे शरियतने केलेलं नाही आणि हिंदुत्ववाद्यांनीही केलेलं नाही. हे त्या अकरा अंगठ्यांनी केलं आहे. त्यातल्या किमान चौघांच्या बहिणींच्या सह्या कधी झाल्या ते मला माहीत आहे. दोघींबरोबर रिक्षात मी होते, आणि गप्प होते.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की ज्याने ही फिल्म टाकली त्याने आपल्या बायकोचं बँकेत खातं आहे का ते सांगावं. उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी मला कळलं की ग्रुपच्या सेटिंगमध्ये बदल झाला आहे, आता फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात.

मग मी फिल्म माझ्या मोबाईलवर आमच्या शेजारच्या खालांना दाखवली. वय सत्तरच्या पुढे, नवरा बेचाळीस वर्षं बाहेर, माहेरची हक्कसोड केव्हाच झालेली, राहतं घर धाकट्या मुलाच्या नावावर. त्या चष्मा लावून शेवटपर्यंत नीट बघत होत्या, एकदाही हसल्या नाहीत. संपल्यावर मोबाईल माझ्या हातात देत म्हणाल्या, "अगो, बाई हुशार हाय. पण ती मागची बाग कुणाच्या नावावर हाय, ते काय सांगितला नाय."