खेळाची पत



गेल्या महिन्यात आमच्या परिचयातील एक कापड व्यापारी घरी आले. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांना बारावीनंतर व्हिडिओ गेम तयार करण्याचे शिक्षण घ्यावयाचे आहे. "साहेब, तीन पिढ्यांची पेढी सोडून मुलगा खेळ बनवीन म्हणतो. यात धंदा आहे की नुसता पोरखेळ?" बँकेत आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासल्यामुळे माझ्या तोंडून सहज निघाले, "आधी या धंद्याची जुनी खाती पाहू." त्या निमित्ताने जे वाचनात आले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

व्हिडिओ गेम हा आता विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला आहे. नॉर्वेचे अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांच्या संपादकत्वाखाली 2001 मध्ये 'गेम स्टडीज' हे नियतकालिक सुरू झाले. खेळाकडे केवळ पडद्यावरची गोष्ट म्हणून न पाहता नियमांची रचना म्हणून पाहावे, असा या अभ्यासातील एका मोठ्या गटाचा आग्रह आहे. माझ्या भाषेत सांगायचे तर, खेळ हा रचणारा आणि खेळणारा यांच्यातील करार होय. हा करार मोडला की काय होते, याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेत 1983 साली मिळाला.

अटारी ही कंपनी 1972 मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली. चारच वर्षांत वॉर्नर उद्योगसमूहाने ती 2 कोटी 80 लाख डॉलरना विकत घेतली. 1977 मध्ये तिने घरच्या टीव्हीला जोडण्याचे यंत्र बाजारात आणले. यंत्र एकदा विकावे आणि त्यात घालण्याची खेळांची कार्ट्रिजे वर्षानुवर्षे विकावीत, असा हा व्यवहार होता. खेळ लिहिणाऱ्यांना मात्र ना नाव मिळे, ना नफ्यात वाटा. नाराज झालेल्या चौघांनी बाहेर पडून 1979 मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. तिचे यश पाहून वाटेल तो या धंद्यात उतरला. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेही खेळांचा विभाग उघडला. मालाची पारख करणारे कोणीच उरले नाही.

1982 च्या नाताळात 'ई.टी.' या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ आणायचा म्हणून तो रचणाऱ्या हॉवर्ड वॉर्शा यांना जेमतेम पाच आठवडे देण्यात आले. या खेळातील पात्र चालता चालता पुन्हा पुन्हा खड्ड्यात पडते. आपण कोठे चुकलो, हे खेळणाऱ्या मुलाला कळत नाही. हरण्याचे मुलांना वावडे नसते. फसवले गेल्याची भावना मात्र त्यांना सहन होत नाही. खेळाच्या आत करार मोडला तो येथे.

बाहेर बाजारातही तेच घडत होते. दुकाने मालाने भरली, उठाव थांबला. परत माल घ्यावा तर अनेक छोट्या उत्पादकांपाशी पैसाच नव्हता. मग दुकानदारांनी पाच पाच डॉलरला कार्ट्रिजे फुंकली आणि त्यांच्याशेजारी चांगला खेळही पूर्ण किमतीला विकला जाईना. अटारीला 1983 मध्ये 50 कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. त्याच वर्षी न विकलेला माल न्यू मेक्सिकोतील ॲलमोगोर्डो येथे कचराभूमीत पुरण्यात आला; 2014 मध्ये तो खणून बाहेरही काढला गेला.

लोकांना खेळांचा कंटाळा आला, असा निष्कर्ष तेथील व्यापाऱ्यांनी काढला. तो चुकीचा होता. त्याच 1983 च्या जुलैत जपानमध्ये निन्टेंडोचे घरगुती यंत्र विक्रीस आले आणि पुढे त्याला उदंड मागणी आली. बुडाली होती ती पत. आवड शाबूत होती.

ही निन्टेंडो म्हणजे 1889 मध्ये क्योटो येथे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्यासाठी निघालेली पेढी. संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची यांनी 1949 मध्ये, आजोबा आजारी पडल्यामुळे, महाविद्यालय सोडून गादी सांभाळली. 1985 मध्ये त्यांची माणसे न्यूयॉर्कला पोहोचली, तेव्हा दुकानदार व्हिडिओ गेमचे नाव ऐकायला तयार नव्हते. निन्टेंडोने माल जांगड दिला: विकला जाईल त्याचेच पैसे द्या, उरलेला आम्ही परत नेऊ. यंत्रात अशी चिप बसविली की परवान्याविना केलेले कार्ट्रिज चालू नये. परवाना घेणाऱ्या कंपनीला वर्षाला पाचच खेळ काढण्याची मुभा ठेवली.

खेळाच्या आतही तीच शिस्त दिसते. त्याच वर्षीच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या पहिल्या दृश्यात कोणतीही सूचना नाही. समोरून एक लहानसा शत्रू येतो. न उडी मारल्यास डाव जातो. पुढच्या खेपेस मूल आपोआप उडी मारते. हरलो तो माझ्या चुकीने, हे त्याला पटलेले असते. म्हणूनच ते पुन्हा खेळते.

निन्टेंडोची बाजू सर्वस्वी उजळ होती असे नव्हे. पत हाती आली की मक्तेदारीचा मोह होतो. दुकानदारांना ठरावीक किमतीखाली विकू दिले जात नाही, अशा आरोपावरून 1991 मध्ये तिला तडजोड करून ग्राहकांना पाच डॉलरची सवलत कूपने द्यावी लागली. आज अनेक खेळांत पैसे घेऊन बंद पेटी विकतात. आत काय निघेल ते पैसे भरल्यावरच कळते. बेल्जियमच्या नियामकांनी 2018 मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरविले. कराराची अट झाकून ठेवली की खेळाचा जुगार होतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे सारे मी त्या व्यापारी मित्रांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखाच धंदा की!" मी म्हणालो, "तेच. कापड धुतल्यावर रंग गेला तर गिऱ्हाईक परत येत नाही. चिरंजीवांना पगार किती मिळेल ते विचारू नका. खेळणारा हरला, तर चूक कोणाची वाटावी असा खेळ तू करणार, एवढे विचारा."

पुढच्या रविवारी ते मुलाला घेऊन येणार आहेत. त्याचे उत्तर ऐकण्याची मलाही उत्सुकता आहे.