माहितीपत्रक ॲपच्या पोटातच द्या

प्रति,
मा. जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमि अभिलेख, महाराष्ट्र राज्य, पुणे
तसेच सरकारी मोबाइल ॲप बनवणारे, बनवून घेणारे आणि तपासून मंजूर करणारे सर्व अधिकारी

विषय : ॲपची माहिती ॲपच्या आतच, मराठीत आणि नेटवर्कशिवाय वाचता येईल अशी देण्याबाबत.

महोदय,

कीटकनाशक विकायचं तर त्याच्या खोक्यात पत्रक घालावं लागतं. १९७१ सालच्या कीटकनाशक नियमांत तशी सक्तीच आहे. कोणत्या पिकावर मारायचं, किती प्रमाणात मारायचं, विषबाधा झाली तर काय करायचं, हे सगळं हिंदी-इंग्रजीसोबत प्रादेशिक भाषेतही छापावं लागतं. पत्रक दुकानाच्या भिंतीवर लावून भागत नाही, ते मालासोबतच जावं लागतं. भडगावच्या बाजारातून कपाशीचं औषध नेणारा ते वाचतो का, हा वेगळा प्रश्न (अक्षर असं बारीक, की चष्मेवालाही हात टेकतो). पण अडलं तर उघडायला ते हाताशी असतं.

त्याच माणसाच्या खिशातल्या फोनमध्ये आज शेतीची तीन-चार सरकारी ॲप आहेत. त्यांच्यासाठी असा नियम नाही. तो करावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी तुमच्या पदरात जे आहे ते सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ला ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली तेव्हा ती मराठीतच आली. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीक पेरा’ ही घोषणा गावोगाव पोचली. तोवर पिकाची नोंद तलाठीआप्पांच्या वहीत होई, आणि पुष्कळदा ती वावरात न जाता होई, हे तुम्हालाही ठाऊक आहे. २०२२मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिच्यात केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय दिली, मिश्र पिकात तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली, आणि ‘मदत’ नावाचं बटणही आलं. म्हणजे माहिती ॲपच्या आत असावी हे तुम्हाला पटलेलं आहे. माझं म्हणणं इतकंच, की ते बटण सुरुवात म्हणून ठीक आहे, त्यावर थांबू नका.

कारण आता ही नोंद म्हणजे नुसता कागदोपत्री पेरा राहिलेली नाही. विमा उतरवलेलं पीक आणि ई-पीक पाहणीतलं पीक यांत फरक निघाला, तर पाहणीतली नोंद अंतिम धरण्याचं धोरण सरकारने घेतलं. २०२५च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली, आणि तिथेही जमिनीचे व कापसाच्या क्षेत्राचे महसुली कागद लागले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ८,११० रुपये होता. एका चुकीच्या निवडीने काय जातं याचा हिशेब यावरून करावा. असं असताना वावरात उभा राहून माणूस कोणत्या शब्दावर बोट ठेवतो, याला मोल आलं आहे.

‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ यांतला फरक महसूल खात्यात हयात गेलेल्याला विचारायची गरज नाही. पंचविशीतल्या पोराला आहे. आमच्याकडे कजगावच्या बाजूला केळी आहे. मृगबाग वेगळी, कांदेबाग वेगळी, आणि मागून येणारा पीलबागही धरावा लागतो. केळी एका हंगामात मावतच नाही. ॲपमध्ये हंगाम निवडताना ‘संपूर्ण वर्ष’ असाही पर्याय असतो. केळीवाल्याने तो कधी घ्यायचा, पीलबागाची लागवड तारीख कोणती धरायची, बांधावरची लिंबं कुठे दाखवायची, पाइपलाइनसाठी खणलेला पट्टा पोटखराब्यात जातो का? ही उत्तरं आज कुठे मिळतात? व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये, कोणा उत्साही माणसाच्या यूट्यूब व्हिडिओत, नाहीतर ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या आमच्यासारख्यांच्या दुकानात. व्हिडिओ मागच्या आवृत्तीचा असतो, पीडीएफवर तारीख नसते, आणि दुकानदार अंदाजाने सांगतो. चांगल्या मनाने सांगतो, पण अंदाजानेच.

यामागे तांत्रिक अडचण असेल असं कोणी म्हणेल. पूर्वी होती. हातात मावणाऱ्या संगणकांचा इतिहास पाहिला तर माहिती प्रोग्रामच्या पॅकेजमध्ये ठेवावी की काढून टाकावी, ही ओढाताण पहिल्या दिवसापासून दिसते. डेबियन या लिनक्स प्रणालीचा दंडक असा, की प्रत्येक पॅकेजने आपला परवाना आणि बदलांची यादी सोबत आणलीच पाहिजे. पण २००० सालच्या कॉम्पॅकच्या आयपॅक एच-३६०० यंत्रात कायमची जागा होती अवघी १६ एमबी. तिथे एकेक केबी मोजून प्रोग्राम बसवत, आणि कात्री पहिली माहितीपत्रकावर चाले. नोकियाच्या मेमो प्रणालीत तर पॅकेज बसवलं की त्याची कागदपत्रं आपोआप पुसून टाकण्याचीच व्यवस्था होती. पॅकेजचं नाव, आवृत्ती, सांभाळणारा कोण, एक-दोन ओळींचं वर्णन, एवढं वरचं लेबल तेवढं शिल्लक राही.

याच्या उलट वाटेने गेलेलेही होते. २०१०मध्ये ‘ओपन पँडोरा’ नावाचा खिशात मावणारा संगणक आला. त्याचं प्रत्येक ॲप म्हणजे एक ‘पीएनडी’ फाइल, आणि तिच्यातच प्रोग्राम, चित्र आणि ‘पीएक्सएमएल’ नावाचं टिपण बांधलेलं. टिपणात नाव, आवृत्ती, कर्ता, वेगवेगळ्या भाषांतलं वर्णन, शिवाय माहितीपत्रक फाइलीत कुठे आहे त्याचा पत्ता. फाइल मित्राच्या कार्डावर टाकली की पत्रकही तिच्यासोबत गेलं. हे यंत्र थोड्याच हौशी लोकांनी घेतलं, पण विचार पक्का होता : ॲप जिथे जाईल तिथे त्याची ओळख आणि त्याची वापरायची रीत सोबत जावी.

आपल्या देशातही हे कळलेली माणसं होती. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी गावासाठी म्हणून ‘सिम्प्युटर’ घडवला, त्यात वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून भारतीय भाषांत बोलण्याची सोय केली. कर्नाटकात तो जमिनीच्या नोंदींसाठीच वापरून पाहिला गेला. यंत्र चाललं नाही. त्यामागची जाण मात्र आजही कामाची आहे, आणि ती तुमच्याच खात्याच्या कामाशी जुळते.

आता अँड्रॉइडकडे येऊ. ॲप ज्या फाइलीतून बसतं ती एपीके म्हणजे एक झिप फाइल असते. तिच्यात ‘मॅनिफेस्ट’ असतं, त्यात ॲपची ओळख, आवृत्ती, आणि कॅमेरा, लोकेशन अशा कोणकोणत्या परवानग्या लागतील ते लिहिलेलं. ते फोनला वाचण्यासाठी असतं, माणसाला नव्हे. माणसाने वाचायचं वर्णन, ‘नवीन काय’ हे टिपण, संपर्काचा पत्ता, हे सगळं प्ले स्टोअरच्या पानावर राहतं. ते पान फोनवर उतरत नाही. ‘नवीन काय’साठी तिथे ५०० अक्षरांची जागा असते, आणि कित्येक ॲपांत तीही ‘बग फिक्सेस’ एवढं लिहून रिकामी सोडलेली असते. शेतात रेंज नाही, स्टोअरचं पान उघडत नाही, शेजारच्याने शेअरिंगने ॲप दिलेलं आहे. अशा वेळी हातात उरतो तो नुसता प्रोग्राम. पत्रक दुकानातच राहिलं.

जागेचं म्हणाल तर हिशेब साधा आहे. देवनागरीचं एक अक्षर साठवायला तीन बाइट लागतात. दहा हजार अक्षरांची पुस्तिका, म्हणजे दाटीने छापली तर पाच-सहा पानं, ३० केबी होते, आणि झिपमध्ये आवळली की आणखी कमी. तुमचं ॲप पिकाचा जो फोटो मागतं, तो सहसा याच्या कितीतरी पट जड असतो. सगळी पुस्तिका एका कपाशीच्या फोटोहून हलकी! मग आज तिला बाहेर ठेवण्याचं कारण जागा नाही. निविदेत ती कोणी मागितली नाही, हे कारण असावं असा माझा तर्क आहे.

न मागितल्याने काय होतं ते याच राज्याने पाहिलं आहे. २०२१मध्ये केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ आलं तेव्हा त्याचा मोठा भाग इंग्रजीत होता, आणि अंगणवाडी सेविकांना २०१९मध्ये दिलेले दोन जीबी रॅमचे फोन ते पेलत नव्हते. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर हजारो सेविकांनी सरकारी फोन परत केले. बालकांचं वजन वर्षानुवर्षं वहीत चोख मांडणाऱ्या बायका होत्या त्या. त्यांना मोबाइल जमत नाही, हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ॲप उघडून पाहिलं नव्हतं. सेविका संघटित होत्या म्हणून बातमी झाली. शेतकरी फोन परत करू शकत नाही, फोन त्याचाच आहे. तो गप्प राहतो आणि नोंद सुटते.

तर मागणं असं. पुढच्या खरिपाच्या आवृत्तीत ॲपच्या आत एक पान असावं, पहिल्या पडद्यावरून एका बोटात उघडणारं, नेट बंद असतानाही चालणारं. वर ठळक अक्षरात आवृत्ती क्रमांक आणि ती कधी निघाली ती तारीख. मग या आवृत्तीत काय बदललं, साध्या मराठीत, एक महिला बचत गटाची अध्यक्ष दुसरीला सांगेल तसं. मग पिकं आणि पड जमिनींचे सगळे शब्द, प्रत्येकाला दोन ओळींचा खुलासा आणि एखादं उदाहरण. हे लिहायला सॉफ्टवेअरवाला बसवू नका. मुरलेला मंडळ अधिकारी आणि कृषी सहायक यांना दोन दिवस बसवा.

नोंदणीच्या मुदतीची तारीख मात्र या पानात कोरू नका. ती बदलते; खरीप २०२५मध्येही ती वाढवावी लागली होती. बदलणारं ते सर्व्हरवरून यावं आणि खाली ‘अमुक तारखेपर्यंतची माहिती’ असं लिहिलेलं असावं. न बदलणारं ते पॅकेजमध्ये राहावं. ही वाटणी नीट केली तर प्रत्येक मुदतवाढीला नवीन अपडेट काढायचीही गरज उरत नाही.

चूक दाखवणारा संदेश आला तर त्याला क्रमांक द्या, आणि त्या क्रमांकाचा अर्थ याच पानावर द्या. ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ वाचून माणसाला हे कळत नाही की दोष रेंजचा, गट नंबरचा, की तो बांधाच्या पलीकडे उभा आहे याचा.

फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातात हेही तिथे लिहा. ते कोण पाहतं, किती दिवस ठेवतं, कोणाला देतं, तेही. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, संमती घेऊन माहिती घेतली जाते तिथे सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत वाचायची सोय हवी असं म्हटलं आहे. सरकारी योजनांसाठी कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे, हे मला माहीत आहे. त्या वाटेने जाऊ नये अशी विनंती आहे. शेतकऱ्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नसावं.

आणि एक गोष्ट जी आजवर कोणी मागितलेली मी ऐकली नाही. नोंद झाली की तिच्यावर ॲपचा आवृत्ती क्रमांक उमटवा. दोन वर्षांनी विम्याच्या तक्रारीत ‘तेव्हा यादीत हा पर्यायच नव्हता’ असं शेतकरी म्हणेल, तर खरं-खोटं ठरवायला काहीतरी हवं. आज तो फक्त बोलू शकतो.

खोट्या एपीकेचा उपद्रव तुमच्या कानावर असेलच. ‘पीएम किसान’च्या नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते, दाबली की बँक खातं रिकामं. सायबर पोलिस सांगतात, अनोळखी फाइल उघडू नका. पण खऱ्या ॲपची सूचना, पुस्तिका, व्हिडिओ हे सगळं ज्या ग्रुपवर येतं, त्याच ग्रुपवर ही फाइल येते. खरं-खोटं एकाच दाराने येत असेल तर राखण कोण करणार? आतलं पान याचा पूर्ण इलाज नाही; भामटा ते पानही नक्कल करील. पण सगळी माहिती ॲपच्या आतच मिळते आणि ॲप फक्त स्टोअरवरूनच येतं, ही सवय एकदा लागली, की ग्रुपवर आलेली कुठलीही फाइल आपोआप संशयाची ठरेल. ॲपचं नेमकं नाव आणि प्रकाशकाचं नाव ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावा. तिथे भामट्याचा हात सहसा पोचत नाही.

हा मसुदा तयार झाला की पुण्यातच वाचून मंजूर करू नका. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, पारोळा, कुठेही एका गावात आणा. दहा जणांसमोर ठेवा, त्यांत दोन बायका असू द्या ज्यांच्या नावावर सातबारा आहे, आणि नेट बंद करून त्यांच्याकडून एक गट नोंदवून घ्या. ते जिथे अडतील तिथलं वाक्य बदला. चहा आमचा.

आपला,
ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक दुकानदार
भडगाव, जि. जळगाव

ता. क. : आमच्याकडची बरीच जुनी माणसं बोलतात अहिराणी, आणि वाचायला नातवाला बसवतात. पुस्तिकेचा गाभा दोन मिनिटांत कोणा अहिराणी बोलणाऱ्याकडून वाचून घेतला आणि साध्या दर्जाने साठवला, तर फाइल अडीचशे केबीच्या आत बसते. तीही पोटात घाला.