गोवर फक्त ताप-पुरळ नाही, मुलांची नजरही नेतो

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडी, मानखुर्द, कुर्ला भागात गोवर पसरला. लहान मुलं दगावली, त्यातल्या अनेकांना लस मिळालेलीच नव्हती. साथ ओसरली आणि विषय संपला. पण एका गोष्टीवर फारसं कोणी बोललं नाही. गोवर जिवावर उठतो, तसा डोळ्यांवरही उठतो.

कसा? गोवरात शरीरातलं ‘अ’ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं. मूल आधीच कुपोषित असेल तर डोळा कोरडा पडतो, बुबुळावर जखम होते आणि शेवटी फूल पडतं. मग गेलेली नजर परत आणणं फार कठीण. म्हणूनच गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस व्हिटॅमिन ‘अ’ द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा वेळी डोळ्यात घरगुती औषधं घालणं म्हणजे आगीत तेल.

दुसरा शत्रू रुबेला. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला झाला, तर बाळ मोतीबिंदू घेऊनच जन्माला येऊ शकतं. या दोन्ही आजारांवर लस एकच आहे.

२०१८ मध्ये हीच लस शाळाशाळांत दिली गेली. ‘पुढे औलाद होणार नाही’ अशा अफवा मोबाईलवर फिरत होत्या. माझ्या वर्गातली कितीतरी बाकं त्या दिवशी रिकामी होती. दोष मात्र एकट्या अम्मी-अब्बूंचा नाही. मजुरी बुडवून दवाखान्याच्या रांगेत उभं राहणं सोपं नसतं, आणि घरी येऊन नीट समजावणारंही कोणी नसतं.

मुलांच्या अंधत्वाची सगळीच कारणं टाळता येत नाहीत, पण बरीचशी येतात. लसीचे दोन डोस : पहिला ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. व्हिटॅमिन ‘अ’ पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. हे सरकारी केंद्रात मोफत मिळतं. बाळ वेळेआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं, तर महिन्याच्या आत पडद्याची तपासणी. बाहुलीत पांढरं दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

नजर गेल्यावर ‘तकदीर’ म्हणण्याआधी स्वतःला एक सवाल विचारा : लसीचं कार्ड घरात कुठे आहे? आज रात्रीच काढून बघा.